आजची रोकड, उद्याचे पीक : दख्खनमधील कर्जरोख्यांचा इतिहास (१८५९-१८७९)

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या व कर्जरोखे हस्तगत करून जाळले. हे लोण लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले. आजच्या थोड्या रोख रकमेसाठी उद्याचे पीक गहाण टाकणारा कुणबी अदूरदर्शी होता काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तर होकारार्थी होते. लग्नकार्यातील उधळपट्टी हे त्यांचे आवडते स्पष्टीकरण. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला मात्र लग्नखर्च हे कर्जाचे मूळ क्वचितच आढळले.

वस्तुतः आज व उद्या यांतील निवड शेतकऱ्याच्या हाती फारशी उरलीच नव्हती. रयतवारी पद्धतीत सारा रोखीने व ठरलेल्या तारखेस भरावा लागे. पाऊस आणि बाजारभाव तारखा पाळत नसत. सारा थकल्यास जमीनच जाण्याची भीती असल्याने हप्त्याच्या दिवशीचा एक रुपया सुगीनंतरच्या दोन रुपयांहून मोलाचा ठरे. याला उतावीळपणा म्हणणे कठीण आहे. दारिद्र्यामुळे वर्तमानाची निकड वाढते, हे अर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. दख्खनमध्ये ते कितीतरी आधी अनुभवास आले होते.

कायद्यानेही या निकडीत भर घातली. व्याज दीर्घकाळ साचू नये म्हणून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्यावर पुन्हा व्याज आकारी. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्ज सहज मिळत होते. युद्ध संपताच भाव उतरले; पुढे फेरआकारणीत साराही वाढला आणि सावकारांनी उधारी आखडती घेतली.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. त्यावर सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग काढला. पैसे फेडल्यावर जमीन परत मिळेल, एवढी तोंडी कबुलीच मग शेतकऱ्याच्या पदरी राहू लागली.