1956 : वऱ्हाडातील धर्मनिवडीचे वर्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला उमरखेड तालुका आहे. त्याच्या कडेने पैनगंगा वाहते आणि सहस्रकुंडाच्या खडकांवरून कोसळून पुढे जाते. 1948 पर्यंत ही नदी दोन राजवटींमधील सीमा होती. अलीकडे इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. पलीकडच्या तीरावरील माहूर रेणुकेचे, दत्तप्रभूंचे आणि महानुभावांचेही तीर्थक्षेत्र. या परिसरात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध व गोंड आदिवासींच्या वस्त्या आहेत, मुसलमानांचे मोहल्ले आहेत आणि गावोगावी बुद्धविहार आहेत. कॅथलिक कुटुंबे मात्र तुरळक. ख्रिस्तसभेच्या नकाशावर हा मुलूख अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

अशा ठिकाणी एक प्रश्न आपोआप मनात येतो. इतक्या वाटा शेजारी शेजारी असताना माणूस आपली वाट कशी निवडतो? आणि वाडवडिलांची वाट सोडून दुसरी धरतो, तेव्हा का धरतो? आपल्या मराठी भाषेने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ‘बाटला’ या एका शब्दात ते सामावले आहे. पोटासाठी बाटला, नोकरीसाठी बाटला, कुणाच्या भुलावणीने बाटला! आम्हा ख्रिस्ती माणसांना हा शब्द ऐकण्याची सवय झाली आहे. त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. परंतु राग बाजूला ठेवून इतिहासाकडे पाहिले, तर याच प्रश्नाला 1956 या एका वर्षात या प्रदेशाने दोन अगदी निराळी उत्तरे दिलेली दिसतात.

त्या वेळी विदर्भ मध्यप्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. एप्रिल 1954 मध्ये राज्य सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीवर ख्रिस्ती सदस्य एकच होते, प्राध्यापक एस. के. जॉर्ज. समितीने 14 जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांत वऱ्हाडातील जिल्हेही होते. 11,000 हून अधिक लोकांशी तिचा संबंध आला. शाळा, दवाखाने, वसतिगृहे, परदेशातून येणारा पैसा, सर्वांची झडती झाली. मूळ प्रश्न एकच होता : ही माणसे ख्रिस्ती का झाली?

त्याच सुमारास, 1955 साली, अमरावती धर्मप्रांताची स्थापना झाली. म्हणजे वऱ्हाडातील आपली ख्रिस्तसभा आपले घर मांडत होती आणि दाराशी चौकशीचे लोक उभे होते. समितीने पाठविलेली प्रश्नावली पाहून कॅथलिक मंडळी दुखावली. आरोपीला विचारावेत तसे ते प्रश्न आहेत असे त्यांना वाटले. नागपूरच्या कॅथलिक पुढाऱ्यांनी सहकार्य मागे घेतले आणि उच्च न्यायालयात दाद मागितली, पण तेथे यश आले नाही.

1956 साली अहवाल बाहेर आला. बहुतेक धर्मांतरे मनापासून झालेली नाहीत, त्यांमागे निरनिराळी प्रलोभने आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांचे मुख्य काम धर्मांतर घडविणे हेच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, गैरमार्गाने होणाऱ्या धर्मांतरास कायद्याने बंदी असावी, अशा शिफारशी त्यात होत्या. पुढे 1968 साली मध्यप्रदेशात जो धर्मस्वातंत्र्य कायदा झाला, त्याची बीजे या अहवालात शोधली जातात.

हे झाले एक उत्तर. दुसरे उत्तर त्याच वर्षी, त्याच नागपुरात मिळाले.

14 ऑक्टोबर 1956, विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चंद्रपुरात तसाच सोहळा झाला. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. 1961 साली त्यांची संख्या सुमारे 27 लाख 90 हजार झाली.

आणि त्या सोहळ्यात बौद्ध झालेल्या नामवंतांमध्ये एक नाव होते न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांचे!

आमच्या लोकांना ही गोष्ट सांगितली की बहुतेकांना ती खरी वाटत नाही. काहींना हसू येते. पण ती केवळ हसण्यावारी नेण्याजोगी नाही. दुसऱ्यांच्या धर्मांतराचा हेतू दोन वर्षे तपासणाऱ्या या विद्वान वृद्ध गृहस्थाने आपल्यावर वेळ आली तेव्हा स्वतःच्या विवेकाचाच कौल घेतला. त्यांना कोणी आमिष दाखविले असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. आमचे म्हणणे इतकेच की जो मान त्यांच्या निवडीला मिळाला, तोच मान कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या निरक्षर माणसाच्या निवडीलाही मिळावयास हवा. गरिबाला भूक असते म्हणून त्याला आत्मा नसतो काय?

येथे आम्ही थांबलो, तर हा लेख आमच्या तक्रारीचा कागद होईल. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो आम्हाला अधिक अवघड जातो. ते लाखो लोक नागपूरच्या मैदानावर गेले. आमच्या चर्चकडे का आले नाहीत?

आंबेडकरांनी घाई मुळीच केली नव्हती. महाडचे पाणी 1927 साली, काळाराम मंदिराचे दार 1930 साली. दोन्हींचा अनुभव गाठीशी बांधून 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली ती त्यानंतर एकवीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी अनेक धर्म अभ्यासले. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती लोकांपुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचेच आपल्या मनाला आकर्षण वाटते, हे त्यांनी तेथे मोकळेपणी सांगितले. परंतु दक्षिणेकडील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो आणि ख्रिस्ती लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे ऐकविले. ख्रिस्त त्यांना जवळचा वाटला. ख्रिस्ती समाज दूरचा वाटला. हे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलितांच्या उत्थानाचे सविस्तर धोरण प्रसिद्ध केले ते 2016 साली.

मग त्या माणसांना नव्या धर्मात काय हवे होते? भाकरी हवी होती म्हणावे, तर दीक्षाभूमीवर भाकरी वाटली जात नव्हती. उलट, गमावण्यासारखे पुष्कळ होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्याच होत्या. 1956 साली त्या शिखांना मिळाल्या. बौद्धांना महाराष्ट्र सरकारने आपल्या अधिकारात काही सवलती दिल्या; पण केंद्राने त्यांना मान्यता दिली ती 1990 साली, म्हणजे दीक्षेनंतर 34 वर्षांनी! इतका काळ तोटा सोसून जी माणसे आपल्या निवडीवर ठाम राहिली, त्यांच्या हेतूची चौकशी करण्याची गरज कोणत्या समितीला भासावी?

त्यांना हवी होती ती ताठ मान. विदर्भातील खेड्यांत त्याचा परिणाम दिसू लागला. मेलेली ढोरे ओढणे थांबले. गावकीची हलकी कामे नाकारली गेली, आणि त्यापायी कोठे बहिष्कार, तर कोठे मारहाण सोसावी लागली. देव्हाऱ्यातले जुने देव गेले. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. लग्ने नव्या विधीने लागू लागली, मुलांची नावे बदलली, मुली शाळेत जाऊ लागल्या. 2011 च्या जनगणनेत देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण 81 टक्क्यांवर होते, तर अनुसूचित जातींचे एकूण प्रमाण 66 टक्के. देशातील चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रातलेच, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. गरिबी नाहीशी झाली असे नाही, जातही गावातून गेली नाही. पण माणसाचे स्वतःविषयीचे मत बदलले.

ख्रिस्ती झालेल्या दलितांची किंमत मात्र आजही फिटलेली नाही. उमरखेड विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. एकाच पूर्वजाच्या दोन नातवांपैकी एकाने बुद्धाची दीक्षा घेतली असेल, तर त्याला तेथून उमेदवारी अर्ज भरता येतो. दुसऱ्याने ख्रिस्ती स्नानसंस्कार स्वीकारला असेल, तर त्याला तो भरता येत नाही. लाभासाठी ख्रिस्ती होतात, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आमच्या वसईकर वाचकांना यावरून आपला इतिहास आठवेल. 1534 नंतर पोर्तुगीज अमलात वसईत जी धर्मांतरे झाली, त्यांमागे सत्तेचे वजन नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. पण 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांचा आश्रय संपला. तरी असंख्य कुटुंबे ख्रिस्ती राहिली. पूर्वजांनी कोणत्या कारणाने स्नानसंस्कार घेतला असेल ते असो. नातवंडा-पतवंडांनी तो आपला केला. धर्म स्वीकारण्याचा दिवस एक असतो, पण निवड पूर्ण होण्यास कधी कधी पिढ्या लागतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये. हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतच रुजलेले आहे, असे त्यात सांगितले आहे. उमरखेडच्या विहारात वंदना म्हणणारा शेतमजूर आणि एखाद्या आडगावी मिस्सेसाठी धर्मगुरूंची वाट पाहणारे ख्रिस्ती कुटुंब, दोघांनाही ते लागू आहे. आपल्यासाठी हे स्वातंत्र्य मागताना, त्यांची निवड आपल्याकडे वळली नाही म्हणून तिला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना धर्म निवडावा लागला नाही. आईच्या कडेवर असतानाच आपल्या कपाळावर पाणी ओतले गेले, आणि उत्तरे आपल्या वतीने धर्मपित्यांनी दिली. म्हणूनच पुनरुत्थानाच्या पूर्वरात्री पेटती मेणबत्ती हाती घेऊन आपण ती वचने पुन्हा उच्चारतो. पुढच्या वेळी ‘होय’ म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. नागपूरच्या मैदानावर उभ्या असलेल्या त्या अनवाणी माणसांना आपल्या ‘होय’ची किंमत ठाऊक होती. आपल्याला ती ठाऊक आहे काय, हे आपण स्वतःलाच विचारावे.