सहाव्या कलमाची हरकत

पॅरिसनजीकच्या 'एकोल सांत्राल' या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी, वसतिगृहाच्या संगणकांवरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा जो उद्योग १९९६ साली आरंभिला, त्यातून कालांतराने 'व्हीएलसी' हे ध्वनिचित्रफिती चालविणारे सॉफ्टवेअर निर्माण झाले. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या संमतीने ते 'जीपीएल' परवान्याखाली मुक्त करण्यात आले, आणि मग देशोदेशीच्या ज्यांनी-ज्यांनी त्यात भर घातली, त्यांचा त्यांचा प्रताधिकार त्यांच्याकडेच राहिला.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने जून १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे सहावे कलम असे सांगते की, सॉफ्टवेअर ज्याच्या हाती जाईल त्याला त्याच्या प्रती काढण्याचे, ते बदलण्याचे व वाटण्याचे हक्क मूळ लेखकाकडूनच प्राप्त होतात, आणि मधल्या वितरकाला त्या हक्कांवर आणखी कोणतीही शर्त लादता येत नाही. माल एकदा गिऱ्हाइकाच्या हवाली केल्यानंतरही त्यावर आपला अंमल चालविणारे दुकान त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. जुलै २००८ मध्ये ॲपलने उघडलेले ॲप स्टोअर नेमके तसले दुकान निघाले: घेतलेले ॲप कोणत्या कामासाठी व किती उपकरणांवर वापरावे याचे नियम त्याचे, आणि कोणाच्या फोनवर काय चढावे याची अखेरची मंजुरीही त्याचीच.

मे २०१० मध्ये जीपीएलखालीलच 'ग्नू गो' या खेळाबाबत, हा परवाना प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तक्रार केली, तेव्हा आपल्या शर्ती सैल करण्याऐवजी ॲपलने तो खेळच काढून टाकला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात 'ॲप्लिडियम' या फ्रेंच कंपनीने व्हीएलसीची आयपॅडसाठीची आवृत्ती विनामूल्य उपलब्ध केली. परंतु व्हीएलसीच्याच लेखकांपैकी एक, रेमी दनी-कुर्मों, यांनी प्रताधिकारभंगाची नोटीस बजावली, आणि जानेवारी २०११ मध्ये तेही दुकानातून नाहीसे झाले. फुकट मिळणारी वस्तू तिच्याच एका निर्मात्याने लोकांच्या हातून काढून घ्यावी, याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावण्यात आला. माझ्या मते तो अन्यायाचा होता, कारण त्यांनी कलमात लिहिलेले तेवढेच मागितले होते.

सात-बाऱ्यावर शंभर नावे असलेल्या जमिनीत एका हिस्सेदाराची हरकत जशी सगळा व्यवहार अडवते, तशी येथे गत झाली. तोड काढण्याचे काम व्हीएलसीचेच एक प्रमुख विकासक ज्यां-बातिस्त केम्फ यांनी अंगावर घेतले. बदलांची जुनी नोंद उलगडून कोणती ओळ कोणाची हे ठरवावयाचे, वर्षानुवर्षे संपर्कात नसलेल्या लेखकांना शोधून त्यांची संमती मिळवावयाची, आणि जेथे संमती मिळणार नाही तेथील भाग एक तर नव्याने लिहावयाचा किंवा तसाच जुन्या परवान्याखाली ठेवावयाचा, असे ते किचकट दप्तरी काम होते. २०११ च्या अखेरीस व्हीएलसीचा गाभा आणि पुढील वर्षी त्याचे बहुतेक घटक 'एलजीपीएल' या अधिक सैल परवान्याखाली आले. आणि जुलै २०१३ मध्ये, मोझिला व जीपीएल अशा दुहेरी परवान्याने, व्हीएलसी पुन्हा ॲप स्टोअरमध्ये दाखल झाले.

म्हणजे तडजोड केली ती लेखकांनी, दुकानदाराने नव्हे. संगणकावरचे व्हीएलसी मात्र आजही जीपीएलखालीच वितरित होते.