आखातातला भागीचा धंदा: कागदावर मालक कोण?

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांत किंवा मुंब्र्यात आखाताशी काहीच नातं नसलेलं घर शोधूनच काढावं लागेल. बहुतेक जण नोकरीला गेले. काहींनी पुढे बकाला, गॅरेज, सुतारकामाचं वर्कशॉप असा स्वतःचा धंदा काढला. 'स्वतःचा' हे आपलं बोलण्यापुरतं. लायसन्सवर मोठा हिस्सा असायचा कफीलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक अरब भागीदाराचा.

संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) फ्री झोनच्या बाहेर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवण्याचा नियम कित्येक वर्षं होता. खरं भांडवल आपल्या माणसाचं, मेहनतही त्याचीच. मग दोन कागद व्हायचे. एक सरकारी दप्तरात नोंदलेला, त्यात ५१-४९. दुसरा खाजगी, त्यात लिहिलेलं असायचं की कफीलला वर्षाला ठराविक रक्कम मिळेल, बाकी भांडवल आणि नफा सगळा आपला. कफील भला असेपर्यंत हे चालायचं, आणि भले कफील पुष्कळ होते, हेही सांगायला हवं. पंचाईत व्हायची ती कफीलचा इंतकाल झाल्यावर. त्याच्या वारसांसमोर पहिला कागद असायचा. वडिलांनी तोंडी दिलेला शब्द मुलांना बांधील वाटेलच असं नाही.

नियम बदलला, कागद बदलले का?

यूएईने २०२० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती केली आणि १ जून २०२१ पासून ५१ टक्क्यांची सक्ती बहुतेक धंद्यांसाठी उठवली. त्यानंतर आलेला नवा कंपनी कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. संरक्षण, बँकिंग, विमा अशी काही क्षेत्रं वेगळी ठेवली आहेत. कोणत्या कामाला पूर्ण परदेशी मालकी चालते, हे त्या त्या अमिरातीचं आर्थिक विकास खातं ठरवतं. त्यामुळे दुबईत चालतं ते शारजात तसंच चालेल असं गृहीत धरू नका, तिथल्या खात्यातच विचारा.

कायदा बदलला म्हणून जुनी कंपनी आपोआप आपल्या नावावर होत नाही. कफीलने आपला हिस्सा रीतसर सोडावा लागतो, नोटरीसमोर सही होते, कंपनीचा करारनामा बदलतो. ज्यांचे कफीलशी संबंध चांगले आहेत त्यांनी हे काम आताच उरकावं. संबंध बिघडल्यावर किंवा दोघांतला एक जण गेल्यावर हीच सही मिळवायला कोर्ट गाठावं लागतं.

सौदीत प्रकरण आणखी गंभीर आहे. तिथे सौदी माणसाच्या नावावर परदेशी माणसाने धंदा चालवणं, ज्याला 'तसत्तुर' म्हणतात, हा सरळ गुन्हा आहे. २०२० च्या कायद्यात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. कागद कायदेशीर करून घ्यायला सरकारने मुदत दिली होती, ती २०२२ च्या फेब्रुवारीत संपली. आता 'सगळेच असं करतात' हे कुणी ऐकून घेणार नाही. सौदीत धंदा करायचा तर परदेशी गुंतवणूकदार म्हणून रीतसर नोंदणी करूनच.

ओमानने २०२० पासून बऱ्याच धंद्यांत १०० टक्के परदेशी मालकीला वाट दिली. कतारमध्येही २०१९ च्या कायद्याने मंजुरी घेऊन ते जमतं. कुवेतमध्ये साधारण व्यापाराला ५१ टक्क्यांचा स्थानिक भागीदार लागतोच.

पैसा कुठून गेला?

इथे आपल्याकडच्या घरांची हमखास गफलत होते. तिथे राहून कमावलेला पैसा तिथेच धंद्यात घातला, तर भारताचा परकीय चलन कायदा (फेमा) आड येत नाही. गावी कायमचं परतल्यावरही तो हिस्सा ठेवता येतो, फेमाच्या कलम ६(४) मध्ये तशी मुभा आहे.

पण दापोलीत राहणाऱ्या भावाने जमीन विकून दुबईच्या कंपनीत हिस्सा घेतला, तर ती 'परदेशातली थेट गुंतवणूक' ठरते, मग हिस्सा एक टक्का का असेना. त्यासाठी २०२२ चे नियम आहेत. बँकेत फॉर्म भरून कंपनीसाठी नंबर घ्यायचा, पैसा बँकेतूनच पाठवायचा, सहा महिन्यांत हिस्सा मिळाल्याचा पुरावा बँकेत द्यायचा. हिस्सा १० टक्के किंवा जास्त असेल तर कंपनीचा वार्षिक अहवालही ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापून घेते, तो इन्कम टॅक्सच्या हिशेबात वळता होतो. हवालाने पाठवलेल्या पैशाचा काहीच पुरावा राहत नाही, उद्या भागीदार नाकबूल झाला तर बोलायला तोंड नाही, आणि फेमाखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो तो वेगळाच.

भावाभावांतला करार

कफीलपेक्षा जास्त भांडणं घरातच होतात. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने दुकान चालवलं, आणि १५ वर्षांनी ते कर्ज होतं की भागी, हेच ठरेना. फिकहमध्ये याची नावं आणि कायदे पक्के आहेत. एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल तर ती मुदारबा. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, नुकसान झालं तर ते भांडवलवाल्याचं, आणि चालवणाऱ्याची मेहनत फुकट गेली. त्याने हयगय केली किंवा करार मोडला असेल तर गोष्ट वेगळी. दोघांचंही भांडवल असेल तर मुशारका, त्यात नुकसान भांडवलाच्या प्रमाणातच वाटलं जातं.

नफ्याच्या बाबतीत एक बारकावा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मुशारकात हनफी मताप्रमाणे नफ्याचं प्रमाण आपसांत ठरवता येतं, शाफई मताप्रमाणे तेही भांडवलाच्या प्रमाणातच हवं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. चिपळूणचा आणि औरंगाबादचा माणूस भागीदार होत असतील तर सहीआधी एखाद्या जाणकार मुफ्तींना विचारून घ्यावं.

आणि 'महिन्याला इतके हजार पक्के' असं कुणी सांगत असेल तर ती भागी नाहीच. नफा आधीच बांधलेला आणि नुकसानीत हिस्सा नाही, हे व्याजावरचं कर्ज झालं, त्याला हलाल गुंतवणूक म्हटलं तरी.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. कुरआनातली ही सगळ्यात लांब आयत. तरीही 'सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. लिहिताना कुणाचं भांडवल किती, नफ्याचं प्रमाण काय, चालवणाऱ्याने घरखर्चाला उचल घेतली तर ती कशात धरायची, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कोण ठरवणार, एवढं तरी असावं. खाजगी कागद आणि तिथल्या सरकारी दप्तरातला कागद एकमेकांशी जुळायला हवेत. एका भावाच्या नावावर सगळा हिस्सा आणि बाकीचे 'समजुतीत', असं असेल तर त्याच्या इंतकालानंतर कंपनी त्याच्याच वारसांकडे जाते. बँक खातं तर लगेच गोठतं, आणि वारसांना कोर्टाचा कागद आणेपर्यंत थांबावं लागतं. हिस्सा दुसऱ्याच माणसाच्या नावावर असेल तर बायको-मुलांच्या हातात दाखवायला कागदच राहत नाही.

यूएईत आता कंपन्यांना कॉर्पोरेट टॅक्सही आहे. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना तो लागू झाला, पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. नफा कमी असला तरी नोंदणी करावी लागते, म्हणजे हिशेबाच्या वह्या ठेवणं आलंच. भागीदारांतले अर्धे वाद त्या वह्यांवरूनच मिटतात.