जबलपूरचा संगमरवर, इंजिनाचा बॉयलर आणि पोहण्याच्या तलावातील निळे डाग

७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे दोन लोहमार्गांची जोडणी झाली. मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि अलाहाबादकडून १८६७ मध्येच तेथे पोहोचलेली ईस्ट इंडियन रेल्वे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई ते कलकत्ता हा प्रवास सलग रेल्वेने शक्य झाला. या घटनेचा इतिहास लिहिताना लोखंड, कोळसा आणि साम्राज्य यांचा उल्लेख होतो. पाण्याचा सहसा होत नाही. वास्तविक वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा कितीतरी अधिक वजनाचे पाणी लागे, आणि ते वाटेत जेथे जसे मिळेल तसे घ्यावे लागे.

नर्मदेच्या खोऱ्यात ते कसे मिळणार होते, हे तेथील खडकच सांगतो. भेडाघाटचा प्रसिद्ध संगमरवर हा डोलोमाइटयुक्त आहे, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंचे कार्बोनेट. लम्हेटा घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत चुनखडक आहे. (स्लीमन याला १८२८ मध्ये जबलपूरजवळ डायनोसॉरची हाडे सापडली, ती याच थरांतील. तो आपला आजचा विषय नव्हे, पण या खडकाचे नाव घेताना तिकडे दुर्लक्ष करवत नाही.) उत्तरेस कटनीला चुन्याच्या भट्ट्या, आणि खोऱ्यातील गाळाच्या मातीत चुनखडीचे खडे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, हा खडक थोडा थोडा विरघळवते आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत नेते.

असे पाणी तापवले की प्रक्रिया उलटते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि ते धातूला चिकटून बसते. साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी. म्हणून थर सर्वप्रथम धरतो तो सर्वांत तप्त पृष्ठभागावर, नेमका जेथे तो नको असतो तेथेच. या थराची उष्णतावाहकता तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा अधिक जळतो, धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि अखेरीस नळी फुटते. वाफेच्या काळात ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुणे आणि पाण्यात सोडा घालणे ही जगभरच्या रेल्वेशेडमधील नित्याची कामे होती. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्येच दुष्फेन पाण्यावर चुन्याच्या निवळीचाच उपाय शोधून त्याचे पेटंट घेतले होते. चुना घालून चुना काढायचा, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण मिसळलेला चुना बायकार्बोनेटचे कार्बोनेट करतो आणि ते तळाशी बसते.

यावरून पाण्यातील क्षार हा केवळ शत्रूच, असा समज होणे स्वाभाविक होते. तो पुरता खरा नव्हता. ज्या पाण्यात क्षार फारच कमी, ते पाणी धातू खाते. १९३६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्फ्रेड लँगेलियर यांनी यावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा हेतू थर टाळण्याचा नव्हता, तर गंज रोखण्याचा होता. शहराच्या जलवाहिन्यांत आतून कॅल्शियम कार्बोनेटचे एक पातळ अस्तर बसावे आणि त्याने लोखंडाचे रक्षण व्हावे, यासाठी त्यांनी एक निर्देशांक मांडला. पाण्याचा सामू, कॅल्शियम, अल्कता, तापमान आणि विरघळलेले एकूण क्षार यांवरून ते पाणी किती सामूला कार्बोनेटने संपृक्त होईल हे काढायचे आणि प्रत्यक्ष सामूतून ते वजा करायचे. उत्तर धन आले तर पाणी थर टाकेल, ऋण आले तर विरघळवेल, शून्याच्या आसपास असेल तर समतोल आहे.

आज हा निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे जलतरण तलाव. तेथेही एक छोटा बॉयलरच असतो. पाणी तापवणाऱ्या हीटरमध्ये बहुधा तांब्याच्या नळ्या असतात, आणि तलावाचे तेच ते पाणी त्यांतून दिवसेंदिवस फिरत राहते. बाष्पीभवनाने क्षार साठत जातात. त्यात निर्जंतुकीकरणाची भर. ग्रामपंचायतीपासून सर्वत्र ‘टीसीएल’ या नावाने ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर क्लोरीनबरोबर कॅल्शियमही देते आणि सामू वाढवते. जबलपूरसारख्या चुनखडीच्या प्रदेशात हे पाणी हीटरमध्ये थर धरण्याकडेच झुकते. याउलट ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्लधर्मी असतात. त्या हीटरच्या अलीकडे ठेवल्या आणि पंप बंद राहिला, तर तीव्र आम्लधर्मी पाणी रात्रभर नळ्यांत साचून राहू शकते.

थराला भिऊन भरमसाट आम्ल ओतणारा माणूस येथे फसतो. सामू ७.२ ते ७.८ या सर्वसाधारण पट्ट्याच्या बराच खाली गेला की नळीवरचे संरक्षक अस्तर प्रथम विरघळते, मग तांबे. हीटर बाहेरून धडधाकट दिसतो. पाणीही स्वच्छच असते. पुढे कोणीतरी सामू वर आणतो, आणि विरघळलेले तांबे भिंतींवर निळसर-हिरव्या डागांच्या रूपाने बसते. फिकट केसांच्या पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात, त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात. तो खरा तांब्याचा असतो.

प्रत्येक डाग मात्र हीटरमधून येत नाही. जबलपूरच्या उत्तरेस सिहोरा आणि गोसलपूर या भागांत लोह व मँगनीजचे खनिज आहे. अशा खडकातून आलेल्या विहिरीच्या पाण्यात हे धातू अदृश्य रूपात असू शकतात. तलाव भरताना पाणी नितळ दिसते. क्लोरीन घालताच धातूंचे ऑक्सिडीकरण होते आणि लोहाचा तपकिरी, मँगनीजचा काळपट डाग उमटतो. म्हणून डागाचा रंग पाहिल्यावाचून उपाय करू नये. तपकिरी डागासाठी भरायचे पाणी तपासावे. निळा-हिरवा असेल, आणि तांबेयुक्त शेवाळनाशक वापरलेले नसेल, तर प्रथम हीटरच्या नळ्या पाहाव्यात आणि सामू सावरावा. नुसत्या आम्लाने भिंत घासली तर तेच तांबे पाण्यात परत जाते आणि काही दिवसांनी शेजारच्या फरशीवर दिसते.