‘देशाचे दुश्मन’ : निर्दोष मुक्तता आणि ऐतिहासिक सत्य

सत्यशोधक चळवळीतील तडफदार लेखक दिनकरराव जवळकर यांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका १९२५ साली पुण्यात केशवराव जेधे यांनी प्रसिद्ध केली. विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांच्यावर तीत अत्यंत जहाल टीका होती. तीवरून अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद झाली व खालच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली आणि १९२६ साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

या निकालावरून पुस्तिकेतील प्रत्येक विधान न्यायालयाने खरे ठरविले, असा समज आपल्याकडे आढळतो. उलट पक्षी, प्रथम झालेल्या शिक्षेचा आधार घेऊन ती संपूर्ण खोटी होती असेही सांगितले जाते. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही अनुमाने टिकणारी नाहीत.

भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ खाली केवळ सत्यता हा पुरेसा बचाव नव्हता. विधान खरे असून ते लोकहितार्थ केलेले असावे लागे. म्हणजे खरे विधानही शिक्षेस पात्र ठरू शकत होते. शिवाय चिपळूणकर १८८२ साली व टिळक १९२० साली निवर्तले होते. मृत व्यक्तीच्या बदनामीसंबंधी याच कलमाचे पहिले स्पष्टीकरण असे की, कुटुंबीयांच्या वा जवळच्या नातलगांच्या भावना दुखविण्याचा हेतू असला पाहिजे. तसेच १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९८ नुसार फिर्याद पीडित व्यक्तीनेच करावयाची होती. या खटल्याच्या प्रचलित हकिकतीनुसार बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा भर, फिर्यादी हा दूरचा नातलग असल्याने त्यास फिर्यादीचा अधिकार नाही, या मुद्द्यावर होता. असा मुद्दा मान्य झाला की, विधाने खरी की खोटी या प्रश्नापर्यंत न्यायालयास जाण्याचे कारणच उरत नाही.

पुस्तिका जुनी आहे, एवढ्यानेही तिची सत्यता सिद्ध होत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० नुसार तीस वर्षांचा दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असल्यास त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शके. मजकूर खरा असल्याचे नव्हे. २०२४ साली लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हेच तत्त्व कायम ठेवले आहे.

तेव्हा अभ्यासकाने पुस्तिकेतील घटनाविषयक विधाने व लेखकाची मते प्रथम वेगळी करावीत. मते ही त्या काळच्या ब्राह्मणेतर समाजाच्या संतापाची साक्ष होत. घटना मात्र समकालीन वृत्तपत्रे, सरकारी दप्तर व पत्रव्यवहार यांच्याशी ताडून पाहिल्या पाहिजेत.

‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गटेचा विचार उद्धृत केला आहे. त्यात संशोधकाची तुलना ज्यूरीवर बोलाविलेल्या माणसाशी केलेली आहे. न्यायालयात आपल्या अशिलांना सोडविणारा हा विधिज्ञ इतिहासलेखनात ज्यूरीची कसोटी स्वीकारतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. निर्दोष मुक्ततेचे कार्य १९२६ सालीच पूर्ण झाले. सत्यनिर्णयाचे कार्य मात्र आपल्याकडे आहे आणि ते निकालपत्राच्या आड लपून टाळता येणार नाही.