कलतें भिंग आणि दख्खनचा देखावा

पुण्याहून पूर्वेकडे निघालेला सोलापूरचा रस्ता हडपसरास पोंचतो तेथें त्याला एक फांटा फुटतो व तो दक्षिणेस सासवडकडे जातो. आषाढीच्या वारींत ज्ञानोबांची व तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून येथवर एकाच वाटेनें येतात आणि येथें एकमेकींपासून निराळ्या होतात. तुकोबा लोणी काळभोरची वाट धरतात, ज्ञानोबा दिवेघाट चढूं लागतात. त्या दिवशीं घाटाच्या वळणांवर छायाचित्रकारांची जी दाटी होते तिजकडे कोणी लक्ष देऊन पाहिलें, तर त्या सर्वांची हांव एकच असल्याचें दिसून येईल. पायांजवळचें गवत, मधून वाहणारी माणसांची नदी, खालचा मस्तानी तलाव आणि पलीकडे धूसर झालेलें पठार, हें सगळें एकाच चित्रांत सारख्याच रेखीवपणें उतरावें, ही ती हांव होय. ज्यांचा खिसा जड आहे अशा कांहींजणांच्या हातीं यासाठीं ‘टिल्ट-शिफ्ट’ नांवाची लेन्स असते. ती आपल्या जागेवरून वर-खालीं किंवा बाजूला सरकवितां येते, व पुढें-मागें कलवितांही येते. तरुण मंडळी तिला नव्या युगाचा चमत्कार समजतात. आमचें म्हणणें असें कीं, हा चमत्कार नवा नाहीं. कॅमेऱ्याच्या अंगची ही एक जुनी कला आहे, मध्यंतरीं ती त्याच्यापासून हिरावली गेली आणि पुढें मोठी किंमत मोजून परत घ्यावी लागली.

प्रथम या कलेचें मर्म सांगितलें पाहिजे. उंच इमारतीचें शिखर चित्रांत यावें म्हणून कॅमेरा वर उचलला, कीं इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात व ती मागें कलंडल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळच ठेवून नुसतें भिंग वर सरकविलें तर शिखरही येतें आणि भिंतीही उभ्या राहतात. ही झाली सरक. कलवण्याचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. सामान्यतः कांच, भिंग आणि जें स्पष्ट दिसतें तें प्रतल, हीं तिन्ही एकमेकांस समांतर असतात. म्हणून कॅमेऱ्यापासून दूर दूर पसरत जाणाऱ्या जमिनीचा एकच पट्टा रेखीव येतो. भिंग किंचित् पुढें कलविलें म्हणजे हीं तीन प्रतलें एका रेषेंत मिळतात, आणि स्पष्टतेचें प्रतल आडवें पडून जमिनीवर चादरीसारखें पसरतें. किती कलवावें याचा हिशेबही सोपा आहे. जमिनीपासून पांच फूट उंचीवर बारा इंच नाभ्यंतराचें भिंग असेल तर साडेअकरा अंश कल लागतो. तेथेंच आजकालचें चोवीस मिलिमीटरचें भिंग असेल तर एक अंशही लागत नाहीं. यावरून जुन्या थोराड कॅमेऱ्यांना या सोयीची गरज किती अधिक होती हें ध्यानांत येईल.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं या विद्येचा वर्ग निघाला, आणि त्यांतून शिकून गेलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा चित्रव्यवसाय चालविला. ही विद्या साहेबांनीं आणली हें खरें. पण आणल्याबरोबर ती आपल्या लोकांनींही हस्तगत केली, एवढें तरी आपल्या इतिहासकारांनीं विसरूं नये.

त्याच १८५५ सालीं मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन थॉमस बिग्ज यांस विजापूर, बदामी, ऐहोळे वगैरे ठिकाणच्या प्राचीन इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. वर्ष सरतें न सरतें तोंच त्यांस लष्करांत परत बोलाविण्यांत आलें व तें काम डॉ. पिगू यांजकडे गेलें. १८६६ सालीं विजापूरच्या वास्तुशिल्पावरील जो मोठा ग्रंथ मेडोज टेलर व फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघाला, त्यांत बिग्ज यांचीं चित्रें आहेत. सरकारास हीं चित्रें हवीं होतीं तीं मौजेखातर नव्हेत. घरीं बसून इमारतीचीं प्रमाणें कळावींत, कमानीस कमान ताडून पाहतां यावी, असा त्यांचा उपयोग होता. ज्या गोल घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट, तो जर चित्रांत मागें कलंडलेला दिसला तर त्यावरून मोजणार काय? चित्रकारास ही अडचण नसते. त्याचा हात भिंत उभीच काढतो. यंत्रास मात्र सरळपणा शिकवावा लागतो. १८६० च्या सुमारास पुढची फळी वर सरकविण्याची व मागची चौकट कलविण्याची सोय चांगल्या कॅमेऱ्यांत मिळूं लागली, ती याच गरजेंतून.

इमारतींपेक्षां देखाव्याचें काम अधिक अवघड होतें. बोरघाटांतील रेल्वेचें बांधकाम हें त्याचें उत्तम उदाहरण होय. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं कंत्राट आपल्याकडे घेऊन तें पार पाडविलें, आणि १८६३ त घाटांतून गाडी धांवूं लागली. या बाईंनीं त्या कामाचीं छायाचित्रेंही घेतलीं. तो काळ ओल्या कोलोडियनचा. कांचेवर रसायन ओतावयाचें, तें ओलें आहे तोंच चित्र घ्यावयाचें, आणि जवळच्या काळोख्या तंबूंत धांवत जाऊन तें उमटवावयाचें. छिद्र बारीक केलें तर देखावा सर्वत्र स्पष्ट येई, पण उघडीक लांबे. मग वाऱ्यानें हाललेलें झाड धुक्यासारखें उमटे. छिद्र मोठें ठेवून मागची चौकट कलविली तर वेळही वाचे आणि जमीनही पायांपासून डोंगरापर्यंत रेखीव येई. यांत एक गोम मात्र आहे. मागची चौकट कलविल्यानें वस्तूंचे आकार बदलतात, जवळचा दगड फुगून मोठा होतो. नुसतें भिंग कलविल्यानें तसें होत नाहीं. पुराव्यासाठीं घ्यावयाच्या चित्रांत आम्ही दुसरीच रीत पसंत करूं.

कारागिरांच्या हातचा हा अनुभव शास्त्राच्या भाषेंत मांडला गेला तो पुष्कळ उशिरा. फ्रान्सांतील ज्यूल कार्पांत्ये यांनीं १९०१ त घेतलेल्या पेटंटांत त्याचें सूत्र येतें, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील थिओडोर शाइमफ्लुग यांनीं १९०४ त तें पूर्णतेस नेलें. शाइमफ्लुग यांस देखाव्याशीं कर्तव्य नव्हतें. उंचावरून घेतलेल्या तिरप्या चित्रांचा नकाशासारखा उपयोग व्हावा, यासाठीं ते झटत होते. नांव मात्र नियमास त्यांचेंच पडलें.

पुढें १९२५ त लायका बाजारांत आली आणि खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्यांचें राज्य सुरू झालें. भाता गेला, फळी गेली, चौकट पक्की झाली. चपळाई आली, पण उभी भिंत उभी ठेवण्याचें सामर्थ्य गेलें. तें अर्धें परत मिळालें १९६२ च्या सुमारास, जेव्हां निकॉननें पस्तीस मिलिमीटरची सरकणारी लेन्स आणली. आणि सरक व कल दोन्ही एकत्र आलीं तीं कॅननच्या १९७३ च्या लेन्समध्यें. १९९१ त त्याच कंपनीनें चोवीस, पंचेचाळीस व नव्वद मिलिमीटरच्या तीन लेन्सा काढल्या, आणि देखाव्याचे शौकीन पुन्हा या मार्गास लागले.

आपल्या मुलखास या साधनाचा उपयोग किती? सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट. हिमालयासारखें एकच शिखर पकडून येथें भागत नाहीं, रुंदी पाहिजे. भिंग एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे सरकवून दोन चित्रें घेतलीं व जोडलीं म्हणजे क्षितिज वांकडें न होतां पठाराची सलग रेषा मिळते. कलण्याचा गुण नव्वद मिलिमीटरच्या लेन्सला फार उपकारक आहे, चोवीसला तितका नाहीं. कारण रुंद कोनाच्या लेन्सनें साधारण बारीक छिद्रावरही पुष्कळ खोलवर स्पष्ट येतें.

दिवेघाटांतील पालखीच्या बाबतींत आमचें मत थोडें प्रतिकूल आहे. कलत्या भिंगाचा स्पष्ट प्रदेश पाचरीसारखा असतो. जवळ अगदीं पातळ, दूर जाऊन जाड. वारकऱ्यांच्या डोक्यांची सपाटी त्यांत नेमकी बसते, परंतु जवळच्या पताका त्या पाचरीच्या वर निघतात आणि भगवा ढग होऊन राहतात. पताका ज्यांस हवी त्यांनीं साधें भिंग व बारीक छिद्रच वापरावें. अनेक चित्रें निरनिराळ्या अंतरांवर घेऊन संगणकांत एकत्र करण्याची युक्ति चालत्या दिंडीपुढें लंगडी पडते, कारण दोन चित्रांच्या मध्यें वारकरी पुढें गेलेला असतो. याउलट भिंग मुद्दाम उलटें कलवून गर्दीची खेळण्यांतील बाहुल्यांसारखी अवस्था करण्याची एक टूम निघाली आहे. चारदां गंमत वाटते. पण जीं माणसें पायीं चालून आलीं त्यांस खेळणें करणें आम्हांस रुचत नाहीं.

सरकेची खरी गरज आज हडपसरासच आहे. येथील मगरपट्ट्यांत सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन एकत्र केली, आणि २००० सालापासून तेथें नगर उभें राहिलें. ऊंस-भाजीपाल्याच्या मुलखांत मनोऱ्यांची रांग आली. अशा ठिकाणीं भिंग सरकवून घेतलेलें एकच चित्र मनोरा सरळ दाखवितें, कालव्याकांठचें उरलेलें शेतही दाखवितें, व दोहोंचें प्रमाण खरें राखतें. संगणकावर मागाहून रेषा सरळ करतां येतात, पण तसें करतांना चित्राच्या कडा कापाव्या लागतात, आणि बहुधा कापली जाते ती कडेची जमीनच.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, यशवंतराव होळकरांनीं शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला तो याच हडपसरच्या माळावर. दगेरची रीत १८३९ त जाहीर झाली. म्हणजे त्या माळाला कॅमेरा भेटावयास अजून सदतीस वर्षें होतीं. तोफा कोणत्या उंचवट्यावर होत्या, घोडदळ कोणत्या उतारानें आलें, हें ताडून पाहावयाचें तर जमिनीचे चढउतार पाहिजेत, आणि ते दरसाल इमारतींखालीं जात आहेत. रामटेकडीच्या माथ्यावरून पूर्वेकडे अजून कांहीं उतार मोकळे दिसतात. पावसाळा संपून धूळ बसलेली असते, तेव्हां सकाळच्या तिरप्या उन्हांत ते सर्वांत स्पष्ट उठून दिसतात.