कागदी घोड्यांस लगाम

राज्य म्हटलें कीं दप्तर आलें, आणि दप्तर आलें कीं तें भरण्यासाठीं प्रजेपाशीं तगादा आला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हा तगादा असह्य झाला. ज्या त्या खात्यास आपापला हिशेब हवा असे, आणि एकच कारखानदार एकच गोष्ट निरनिराळ्या कचेऱ्यांस निरनिराळ्या नमुन्यांत लिहून कळवीत बसे. १९४२ च्या डिसेंबरांत तेथील काँग्रेसनें कायदा केला कीं, दहा किंवा अधिक इसमांस तेच प्रश्न विचारावयाचे असल्यास खात्यानें अगोदर अंदाजपत्रक कचेरीची संमति घ्यावी. मात्र करवसुलीचें खातेंच त्यांतून वगळलें होतें! पुढचें दार लावून मागचें उघडें ठेवण्याचाच हा प्रकार.

१९७४ च्या कायद्यानें या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमण्यांत आला. प्रतिनिधिगृहाचे सभासद फ्रँक हॉर्टन हे त्याचे अध्यक्ष होते. सरकारी कागदपत्रांचा खर्च वर्षाला सुमारें १०० अब्ज डॉलर असावा, असा त्याचा १९७७ सालचा अंदाज. परंतु या आंकड्यापेक्षांहि आयोगाचा विचार अधिक मोलाचा होता. पैसा आणि मनुष्यबळ यांप्रमाणें माहिती हेंहि राज्याचें साधनद्रव्यच होय. तिलाहि किंमत पडते. मात्र ती किंमत सांगणारा देतो, विचारणारा देत नाहीं, म्हणून विचारणाऱ्यास ती फुकट वाटते.

या विचारांतूनच ११ डिसेंबर १९८० रोजीं अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें नवा कायदा झाला आणि अंदाजपत्रकाच्या कचेरींत माहिती व नियमन यांवर देखरेख करणारी स्वतंत्र शाखा निघाली. आतां करखातेंहि तिच्या कक्षेंत आलें. प्रत्येक फॉर्मवर तिचा क्रमांक हवा. क्रमांक नसलेला फॉर्म न भरल्याबद्दल नागरिकास शिक्षा करतां येऊं नये. फॉर्म भरण्यास लागणारे तास मोजावयाचे आणि तीन वर्षांत ते चतुर्थांशानें घटवावयाचे, असें ठरलें. अर्थात् संमति मागावयाची तीहि कागदावरच!

पण प्रश्न खोडण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं आणखीहि बरेंच कांहीं येतें. १९८१ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष रेगन यांनीं खात्यांचे नियम तपासण्याचें कामहि याच शाखेकडे सोंपविलें. पुढें मजूर खात्यानें नियम केला कीं, धोकादायक रसायनांची माहितीपत्रकें मालकांनीं कामगारांस उपलब्ध करून द्यावीं. अनेक ठेकेदारांचे मजूर जेथें एकत्र राबतात, तेथें ठेकेदारांनीं हीं पत्रकें परस्परांसहि द्यावीं, असें त्यांतील एक कलम होतें. १९८७ सालीं कागद वाढतो या सबबीवर अंदाजपत्रकाच्या कचेरीनें तें नामंजूर केलें. ज्या कागदानें कामगारास डब्यांतील विषाची ओळख पटावयाची, तोहि ओझ्यांत जमा झाला!

पोलाद कामगारांचा संघ न्यायालयांत गेला. २१ फेब्रुवारी १९९० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला कीं, सरकारनें स्वतःसाठीं मागविलेली माहिती हाच या कायद्याचा विषय. मालकानें मजुरास काय सांगावें, हें त्यांत येत नाहीं. निकाल न्याय्य होता, पण तो पांच वर्षेंच टिकला. २२ मे १९९५ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं सही केलेल्या सुधारित कायद्यानें तिऱ्हाइतास द्यावयाची माहितीहि शाखेच्या कक्षेंत स्पष्टपणें आणली.

त्याच कायद्यानें पहिल्या दोन वर्षीं दरसाल शेंकडा दहा कपातीचें उद्दिष्ट घालून दिलें. तें साधलें नाहीं. १९९५ सालीं सुमारें ७ अब्ज तासांचें असलेलें ओझें २००२ अखेर ८ अब्जांच्या वर गेलें, आणि त्यांतील सुमारें चार-पंचमांश तास एकट्या करखात्याचे होते.